दोघांनी वाजवायचं पुस्तक

माजलगावात पियानो शिकवायला सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे एकच पुस्तक होतं, आणि तेही माझ्या लहानपणचं.

आम्ही जालन्याचे. घरामागं मिशनची शाळा होती, वडील तिथं गणित शिकवायचे. शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये एक जुना पियानो होता आणि तो वाजवणाऱ्या एक बाई होत्या. जाड भिंगाचा चष्मा, पांढरी सुती साडी, आवाज इतका हळू की वर्गात मुलं त्यांना घाबरायचीच नाहीत. वडिलांच्या ओळखीमुळं त्या मला शाळा सुटल्यावर शिकवायच्या. त्यांचं शिकवणं म्हणजे शेजारी बसणं. बाकावर मी उजवीकडे, त्या डावीकडे. पुस्तकात माझ्यासाठी पाच बोटांत मावेल अशी साधी ओळ असायची, आणि तिच्या खाली बारीक छपाईत शिक्षकांची ओळ. मी माझे चार स्वर धीर करून वाजवायचे, आणि त्या खालून असं काही वाजवायच्या की माझेच ते चार स्वर मला ओळखू यायचे नाहीत. एखाद्या साध्या फ्रॉकला आईनं लेस लावून द्यावी तसं व्हायचं. घरी जाताना मला वाटायचं, हे सगळं मीच वाजवलं.

मी सातवीत असताना त्या नोकरी सोडून दक्षिणेत बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना ते पुस्तक मला दिलं. पियानोला कुलूप लागलं आणि पुढं कधीतरी वाळवी. मला वाजवायला शिकून जेमतेम तीन वर्षं झाली होती.

लग्न होऊन माजलगावला आले. सासरचं पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान, धरणाच्या पाण्यामुळं उसाची शेती भरपूर, त्यामुळं दुकानात कायम माणसं. खाली दुकान, वर घर. अख्ख्या तालुक्यात पियानो नव्हता. पुस्तक मी साड्यांच्या कपाटात ठेवलं होतं. दुपारी जेवणं झाली, दुकानातली गडबड जरा निवली, की मी ते काढून वाचत बसायचे. एका पानावर चार ओळी, मोठमोठे काळे ठिपके, कोपऱ्यात छत्री घेतलेल्या बदकाचं चित्र. माझी ओळ मला डोळ्यांनी वाचली की ऐकू यायची. खालची ओळ मात्र वाचून ऐकू यायची नाही, ती बाईंच्या हातातून यायची.

एकदा जाऊबाईंनी डोकावून पाहिलं. "काय वाचता ओ एवढं? त्यात तर एक अक्षर न्हाई."

मी म्हटलं, "गाणी आहेत."

"मंग म्हणून दाखवा की."

मला म्हणता आलं नाही. ती म्हणायची गाणी नव्हतीच.

मुलगी पुण्याला शिकायला गेली त्या वर्षी घर फार शांत झालं. माझं काहीतरी बिनसलंय हे माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं असावं. तिला वसतिगृहात सोडून परत येताना तो पुण्यातून एक इलेक्ट्रिक पियानो घेऊन आला. मागच्या सीटवर मावेना म्हणून पुढची सीट पाडून, आडवा घालून. वरच्या मजल्यावरची पाइपांची खोली रिकामी केली. सासऱ्यांनी चढून येऊन पाहिलं. त्यांची सकाळची लिंगपूजा शांततेत व्हायची. ते म्हणाले, "पेटी चांगली हाय. पर माझी पूजा आटपल्याबिगर वाजवायची न्हाई." एवढीच अट. त्यानंतर पूजा झाली की ते जिन्यातून हाक मारायचे, "झाली गं!" म्हणजे मी आता वाजवू शकते.

पहिल्या संध्याकाळी मी ते जुनं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाजवलं. बोटं अडखळली, पण सगळं आठवत होतं. मग उजव्या हातानं माझी आणि डाव्या हातानं बाईंची ओळ वाजवून पाहिली. सूर तेच आले. पण शेजारच्या माणसाची कोपरं लागत नव्हती, श्वास ऐकू येत नव्हता. मी झाकण लावलं आणि खाली जाऊन भाजी चिरायला घेतली.

शिकायला मुलं येऊ लागली ती खिडकीतून रस्त्यावर आवाज जायचा म्हणून. दवाखान्यातल्या डॉक्टरांची जुळी, कारखान्याच्या वसाहतीतली दोन-तीन, मोंढ्यातल्या एका आडत्याची नात. आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला, "परीक्षा कोणती असते? सर्टिफिकेट मिळतं का?" म्हणून मी परीक्षेचं पुस्तक मागवलं. कुरिअरनं आलं तेव्हा उघडून पाहिलं आणि माझंच तोंड उतरलं. मुंग्या सांडल्यासारखे ठिपके, पानभर बोटांचे व्यायाम, मग कुणा परदेशी माणसाची दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीची नाचाची धून. मुलं गुणी होती, त्यांनी महिनाभर वाजवलं. मग डॉक्टरांच्या जुळ्यांना सर्दी झाली, आणि ती सर्दी काही बरी झालीच नाही.

लिंबागणेशची एक मुलगी होती, इथं मामाकडे शिकायला राहिलेली. तिच्यासाठी मी दुसरं एक पुस्तक आणलं होतं, त्यात बँडपथकाची एक छोटी धून होती. वर इंग्रजी नाव आणि लाल कोट घातलेल्या शिपायांचं चित्र. मुलगी दोन आठवडे ती कशीबशी वाजवत होती. तिसऱ्या आठवड्यात मधेच थांबून म्हणाली, "बाई, ही तर आमच्या गणपतीची मिरवणूक हाय."

"मग तसं लिही वर," मी म्हटलं.

तिनं शिपायांच्या डोक्यावर पेन्सिलीनं लिहिलं, 'आमच्या गणपतीची मिरवणूक'. पुढच्या खेपेला तिनं ती धून न अडखळता वाजवली. वर मला दाखवलं की कुठल्या ओळीत मिरवणूक देवळाच्या पायऱ्यांपाशी येते आणि कुठं वळते. त्या दिवसापासून माझ्याकडच्या सगळ्या पुस्तकांतली नावं बदलली. बर्फातल्या घसरगाडीची बैलगाडी झाली. कोकिळेसारखा कुठलातरी परदेशी पक्षी होता, त्याचा पावशा झाला.

त्यानंतर पुण्याला मुलीकडे गेले की मी कॅम्पातल्या एका वाद्यांच्या दुकानात तासन् तास उभी राहायचे. दुकानदार पहिल्यांदा म्हणाला, "कितवी ग्रेड?" मी म्हटलं, "ग्रेड नको. गंमत पाहिजे." तो हसला, पण त्यानं मला मागचं कपाट उघडून दिलं. मी एकेक पुस्तक काढायचे, तिथल्याच एका पियानोवर दोन पानं वाजवून बघायचे. छपाई मोठी आहे का, पानावर मोकळी जागा आहे का, बोटं फार लवकर इकडून तिकडं पळवत तर नाहीत ना. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पानापर्यंत असं काहीतरी आलं पाहिजे की मुलाला आईला स्वयंपाकघरातून हाक मारून ऐकवावंसं वाटेल. आणि शिक्षकांची ओळ हवी. ती नसली तर मी पुस्तक परत ठेवायचे, बाकी कितीही चांगलं असलं तरी. दुकानदाराला मी कारण काही सांगितलं नाही.

असं सगळं बरं चाललेलं असताना एका रविवारी दुपारी जिन्यात जड पावलं वाजली आणि दारात एक उंच, काळेसावळे गृहस्थ उभे राहिले. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, साठी उलटलेली. मला वाटलं मोटारीची तक्रार घेऊन कुणी चुकून वर आलं.

"बाई, आमी जनावरांचे डॉक्टर," ते म्हणाले. "रिटायर झालो. राहायला गेवराईला. तुमी पियानो शिकवता असं कळलं."

"कुणाला शिकायचंय?"

"मला."

मी त्यांना बसायला सांगितलं. त्यांनी खिशातून फोन काढून एक फोटो दाखवला. केस कपाळावर आलेली एक मुलगी पियानोपुढं बसलेली, आणि समोर उघडलेलं पुस्तक, त्यात टोपी घातलेलं अस्वल.

"नात हाय माझी. पोरगा जर्मनीत असतो. हे तिचं पुस्तक. मला ह्येच पायजे."

"काका, याआधी काही वाजवलंय का तुम्ही?"

"भजनात टाळ. तेबी चुकीच्या जागी."

मी हसले, तेही हसले. मग हातातला फोन उलटा ठेवून म्हणाले, "दर रविवारी पोराचा फोन येतो. चेहरा दिसतो, सगळं दिसतं. नात म्हणती, आजोबा, जेवलात का? मी म्हणतो, जेवलो. तू जेवलीस का? ती म्हणती, जेवले. मंग पुढं काय बोलावं, दोघांनाबी सुचत न्हाई. तिला मराठी तेवढंच येतं, मला तिची भाषा न्हाई येत. मंग ती पळती आन पियानो वाजवती. मी बघत बसतो. म्हणलं, आपुनबी हे शिकावं."

अस्वलाचं पुस्तक मी मागवलं. ते यायला बरेच दिवस लागले. तोवर मी त्यांना पट्ट्या ओळखायला शिकवलं. त्यांचे हात मोठे होते, बोटं जाड. आयुष्यभर गाईम्हशींची बाळंतपणं केलेले हात. मला भीती होती की एका बोटाखाली दोन पट्ट्या दबतील. पण त्यांचा स्पर्श हलका होता. पट्टीवर बोट ठेवून ते थोडं थांबायचे, काहीतरी चाचपून बघत असल्यासारखे, आणि मग दाबायचे.

पुस्तक आलं. त्यातली गाणी चांगलीच होती, पण ती तिकडच्या मुलांची. आईच्या मांडीवर, बालवाडीत, वाढदिवसाला ऐकलेली. काका प्रत्येक गाणं प्रामाणिकपणे वाजवायचे आणि संपल्यावर माझ्याकडे बघायचे.

"बरुबर आलं का?"

"एक स्वर चुकला."

"मला कसं कळावं बाई? मी हे गाणं कधी ऐकलंच न्हाई."

ते बोलले आणि मला माझ्या निवडीतली मोठी उणीव कळली. नव्यानं शिकणाऱ्याला आपलं चुकलं हे स्वतःच्या कानांनी कळलं पाहिजे, तरच त्याला दुरुस्त करण्यात मजा वाटते. पण काकांना मराठी गाण्यांचं पुस्तक देऊन भागणार नव्हतं. त्यांना नातीच्या पुस्तकात जायचं होतं.

शेवटी मी त्यांच्यासाठी दोघांनी वाजवायचं एक पुस्तक शोधलं. पातळसं. डाव्या पानावर खालचा भाग, उजव्या पानावर वरचा. दोन्ही भाग जवळजवळ सारखेच सोपे, आणि शेजारच्याशी जुळलं नाही की चूक लगेच कानाला कळणार. काकांनी मुलाला सांगून त्याची एक प्रत तिकडंही मागवून घ्यायला लावली. ठरलं असं की खालचा भाग आजोबांचा, वरचा नातीचा.

सरावासाठी नातीचा भाग मी वाजवायचा होता. म्हणून त्या रविवारी मी खुर्ची बाजूला सारली आणि काकांच्या शेजारी, उजवीकडे जाऊन बसले. मुलांना शिकवताना मी नेहमी डावीकडे असायचे. उजवीकडे बसायची वेळ जालन्यानंतर आली नव्हती. काकांनी त्यांचे दोन जड स्वर सुरू केले, एक-दोन, एक-दोन, आणि वरून मी माझी ओळ घेतली. खालून मला आधार मिळाला. माझे साधेच स्वर एकदम भरून आले. चौथ्या ओळीला मला पानावरचं दिसेना. मी थांबले.

"माझं चुकलं का?" काकांनी विचारलं.

"नाही, माझंच," मी म्हटलं. "परत घेऊ."

त्या दिवशी मी त्यांना बाईंबद्दल सांगितलं. दक्षिणेत कुठल्या गावी, जिवंत आहेत की नाहीत, मला काहीच ठाऊक नव्हतं. काका म्हणाले, "मंग आता आपुन हे नीट बसवू."

आणि आम्ही ते नीट बसवलं. मग एका रविवारी त्यांनी मुलाला सांगून ठेवलं, आज आमी दोघं मिळून वाजवणार. फोन पियानोवर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पलीकडे नात बसली, तिचे पाय अजून जमिनीला पोचत नव्हते. मी एक-दोन-तीन-चार म्हटलं. दोघांनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीत सगळं कोसळलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काका थांबले की ती पुढं गेलेली, ती थांबली की काका मागं राहिलेले. ती आधी हसली, मग कंटाळली, आणि "टाटा आजोबा" म्हणून उठून गेली. काका फोनकडे बघत राहिले.

"बाई, हे असं कावून व्हतंय? हितं तर बरुबर येत व्हतं."

मी समजावलं की आवाज इतक्या लांबून यायला थोडा वेळ घेतो. बोलताना ते जाणवत नाही, वाजवताना जाणवतं.

काका म्हणाले, "म्हंजे ती वाजवती तवा मला ऐकू येत न्हाई. आन मला ऐकू येतं तवा तिचं वाजवून झालेलं असतं."

मी हो म्हटलं. मुलानं तिकडून तिचं वाजवणं रेकॉर्ड करून पाठवलं, त्याच्याबरोबर वाजवून पाहा म्हणाला. पण रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही. काका एका जागी अडखळले की ते पुढं निघून जायचं. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी ते बंद केलं.

त्याच पुस्तकात शेवटाकडे एक पान होतं, ज्याच्याकडे मी फारसं लक्ष दिलं नव्हतं. त्यात दोघं एकत्र वाजवत नाहीत. वरच्यानं एक छोटी ओळ वाजवायची, थांबायचं. खालच्यानं तिला उत्तर द्यायचं. मग पुन्हा वरच्यानं. त्यात उशीर झाला तरी बिघडत नाही, उत्तर देणारा जरा विचार करतोय एवढंच वाटतं. ते एक गाणं फोनवरून जमलं. पहिल्यांदा पूर्ण झालं तेव्हा पलीकडून नातीनं टाळ्या वाजवल्या आणि काकांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. नंतर पेन्सिल मागून घेतली आणि गाण्याच्या इंग्रजी नावाच्या वर लिहिलं, 'जेवलात का?'

ते गाणं त्यांनी वर्षभर वाजवलं. कधी ती चिडल्यासारखं जोरात विचारायची, काका अगदी हळू उत्तर द्यायचे. कधी ती मुद्दाम चुकीचा स्वर टाकायची आणि काकाही तसाच चुकीचा टाकायचे. मी कोपऱ्यात बसून ऐकायचे.

नाताळच्या सुट्टीत मुलगा कुटुंबासह आला. काका, काकू आणि नात असे तिघं एका रविवारी माझ्याकडे आले. उसाचा हंगाम होता, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या रांगा, त्यांच्यावर मोठ्यानं लावलेली गाणी. मी खिडक्या लावून घेतल्या. नात लाजाळू होती, फोनवर दिसायची त्याहून बरीच उंच. आजीचा पदर धरून उभी राहिली. काकू म्हणाल्या, "हे सारखं घरी टेबलावर बोटं आपटत बसतेत, बाई. मला वाटलं पोरगी आल्यावर तरी थांबतील."

नात बाकावर बसली. काका तिच्या डावीकडे. त्यांच्या वजनानं बाक जरा कलला आणि ती त्यांच्याकडे सरकली. मी काहीच मोजलं नाही. काकांनी मान हलवली आणि दोघं एकदम सुरू झाले, तेच पहिलं गाणं, फोनवर कोसळलेलं. शेवटच्या स्वरापर्यंत एकत्र. ती म्हणाली, "परत." झालं की पुन्हा, "परत." कितव्यांदा तरी वाजवताना मध्येच लाइट गेली. पियानो मुका झाला. मला वाटलं आता थांबतील. पण नातीनं बोटं काढली नाहीत, ती तोंडानं तिची ओळ गुणगुणत मुक्या पट्ट्यांवर वाजवत राहिली, आणि काका तोंडानं "ढुम, ढुम" करत खालचा भाग. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाहेर ट्रॅक्टरवरची गाणी चालूच होती.

ती परत गेली, आणि त्यानंतर सगळं हळूहळू पालटलं. कुणाचं काही चुकलं म्हणून नाही. नात शिकत गेली. तिचं अस्वलाचं पुस्तक संपलं, मग पुढचं, मग त्याच्याही पुढचं. तिची बोटं पियानोभर धावायला लागली. 'जेवलात का?' तिला फार सोपं झालं. ती वाजवायची, पण काकांना आवडतं म्हणून. मोठं माणूस लहान मुलाला जसं जिंकू देतं तसं. काकांना ते कळलं. एका रविवारी ते म्हणाले, "बाई, मी लई प्रयत्न करतो, पर ती मोटारसायकलवर हाय आन मी पायी. आमचं दोघांचं पुस्तक एक व्हतं, ते दिवस गेले."

मी त्यांना म्हटलं नाही की तुम्ही पण पुढं जाल. जातील, पण तोवर ती आणखी पुढं गेलेली असेल. इतकी वर्षं मी मुलांसाठी पुस्तकं निवडत आले ती याच हिशोबानं की मूल त्यातून लवकर बाहेर पडावं. संपलेलं पुस्तक बघून मला आनंद व्हायचा. त्या संपलेल्या पुस्तकात मागं कुणी राहत असेल असा विचारच मनात आला नव्हता.

त्या पावसाळ्यानंतर मी आणि नवरा पुण्याला निघालो होतो. मी काकांना विचारलं, "येता का? त्या दुकानात जाऊ. या वेळी पुस्तक तुम्ही निवडा. नातीचं नाही, तुमचं."

ते आढेवेढे घेत तयार झाले. गढीच्या फाट्यावर आमच्या गाडीत बसले. दुकानात दुकानदारानं कपाट उघडून दिलं आणि काका स्टुलावर बसून एकेक पुस्तक मांडीवर घेऊन बघू लागले. चित्रं बघायची, पान बोटानं चाचपायचं, बाजूला ठेवायचं. मी मुद्दाम लांब उभी राहिले. शेवटी त्यांनी एक साधं, चित्रं नसलेलं पुस्तक पुढं केलं. संथ, छोट्या धुनांचं.

"हे कशामुळं?" मी विचारलं.

"ह्यात जागा लई हाय," ते म्हणाले. "एक स्वर वाजवला की पुढचा येईस्तोवर जरा बसता येतं."

मी चाळून पाहिलं. एकट्यानं वाजवायचं पुस्तक होतं. शिक्षकांची ओळ कुठंच नव्हती. मी एरवी परत ठेवलं असतं. या वेळी ठेवलं नाही.

परतीच्या वाटेवर काकांनी पहिल्या धुनेचं पान फोटो काढून नातीला पाठवलं. नगर मागं पडलं, पाथर्डी मागं पडली, ते दर थोड्या वेळानं फोन बघायचे. गेवराई जवळ आल्यावर फोन वाजला. नातीचा आवाज होता, बोललेला निरोप. काकांनी तो आम्हाला ऐकवला. ती तिच्या अडखळत्या मराठीत म्हणत होती, "आजोबा, पुस्तक छान आहे. पण यात माझा भाग कुठे आहे?"

नवऱ्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

काका म्हणाले, "आता हिला काय सांगू?"

"सांगा, येतोय," मी म्हटलं.

मी आयुष्यात एक ओळही रचली नव्हती. दुसऱ्यांची पुस्तकं निवडणं एवढंच माझं काम. घरी आल्यावर मी काकांची ती पहिली धून पियानोवर ठेवली, त्यांचा भाग डाव्या हातानं वाजवत राहिले आणि वर काय बसेल ते उजव्या हातानं शोधत राहिले. काकांचा भाग तसाच संथ ठेवायचा, त्यातली जागा भरून टाकायची नाही, आणि तरी तिला तिच्या पळणाऱ्या बोटांसाठी काम मिळालं पाहिजे. अनेक कागद वाया गेले. सासरे सकाळी पूजेनंतर जिन्यातून "झाली गं!" म्हणायचे आणि मी वर धावायचे. अखेर एक पान तयार झालं. बरं झालं की वाईट, मला सांगता येणार नाही. बाईंना दाखवता आलं असतं तर त्यांनी चष्मा वर करून बघितलं असतं, आणि बहुतेक दोन स्वर खोडले असते.

ते पान तिकडं गेलं. दोन आठवड्यांनी नातीचं रेकॉर्डिंग आलं. काका आता आपला भाग न अडखळता वाजवत होते, त्यामुळं रेकॉर्डिंगबरोबर वाजवता येईल असा मला भरवसा होता. रविवारी ते आले. या वेळी काकूही बरोबर होत्या, त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. काकांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, बोटं पट्ट्यांवर ठेवली. मी फोन लावला.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग नातीचा श्वास. मग ती मराठीत मोजायला लागली, सावकाश, आजोबांना सोबत घेतल्यासारखी. "एक... दोन... तीन... चार..."

आणि तिची ओळ सुरू झाली. काकांचे हात जागेवरच होते. ते वाजवत नव्हते. तिचा भाग एकटाच वाजत शेवटपर्यंत गेला आणि थांबला.

"काका, सुरुवात चुकली तुमची," मी म्हटलं.

"तिचं मोजणं ऐकत बसलो," ते म्हणाले. "पुन्हा लावा बाई."